१० सक्युलंटचा ऑनलाइन कॉम्बो: १४ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू, डोंबिवलीचा अख्खा पावसाळा धरून

झाडांचे रिव्ह्यू लोक बॉक्स उघडल्या दिवशी का लिहितात मला कळत नाही. म्हणजे मी पण तेच करणार होते, फोटो काढून झाले होते, पाच स्टार द्यायला बोट पुढे पण गेलं होतं, तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि राहून गेलं. बरंच झालं. कारण त्या दिवशी लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते, जुलैमध्ये लिहिलं असतं तर एक, आणि आज काय देतेय ते शेवटी सांगते. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण अशी निम्मी दुकानं एकाच गावातून माल उचलतात आणि माझं जे म्हणणं आहे ते सगळ्यांनाच लागू होतं.

तर गेल्या वर्षी फेब्रुवारीत मागवला होता हा कॉम्बो. १० सक्युलंट (म्हणजे जाड, रसदार पानांची छोटी झाडं), ६४९ रुपये, वर डिलिव्हरीचे ८०. माझ्या धाकट्या बहिणीने पुण्याला सेम कॉम्बो मागवला होता महिनाभर आधी, आणि रोज व्हॉट्सॲपवर फोटो टाकून टाकून तिने माझं डोकं खाल्लं होतं, म्हणून मागवला हे खरं कारण. आमची गॅलरी पश्चिमेची, ग्रिल लावलेली, तिसरा मजला, डोंबिवली पूर्व. आता हे लक्षात ठेवा, पुढे सगळं महाभारत याच्यावरूनच आहे.

पॅकिंग एक नंबर, त्यात काही वादच नाही. झाडं बिनमातीची येतात, म्हणजे मुळं झाडून, सुकवून, प्रत्येकाला टिश्यू आणि वर कागद गुंडाळून. पहिल्यांदा मागवणाऱ्याला धक्का बसतो की अरे हे काय मेलेलं पाठवलंय, पण सक्युलंटसाठी हेच बरोबर आहे, ओल्या मातीसकट पाच-सहा दिवस बंद खोक्यात ठेवली तर ती वाटेतच सडतील. पानात पाणी साठवलेलं असतं त्यामुळे आठवडाभर उपास त्यांना काहीच वाटत नाही. गुंडाळलेला पेपर देवनागरीत होता, मला वाटलं हिंदी आहे, वाचायला गेले तर अर्धं कळेना, मग ट्यूब पेटली की हे नेपाळी आहे. कालिम्पाँगहून आलं होतं पार्सल. भारतात ऑनलाइन सक्युलंट घेतलंत तर बऱ्याच वेळा ते तिकडूनच येतं, दार्जिलिंगच्या जवळ, पश्चिम बंगालमध्ये, साधारण साडेबाराशे मीटरवर वसलेलं गाव, कॅक्टस आणि ऑर्किडच्या नर्सऱ्यांसाठी प्रसिद्ध. हवा गार, आणि रोपं पॉलिहाऊसमध्ये वाढवलेली, म्हणजे पाऊस वर पडतो, झाडाच्या अंगाला लागत नाही. तर अशा लाडात वाढलेल्या पोरी थेट डोंबिवलीत नांदायला आल्या. पुढे काय झालं असेल ते ओळखा.

आलं काय काय ते सांगते. एक जांभळट गुलाबी एचेव्हेरिया, पर्ल वॉन न्युर्नबर्ग म्हणतात ती, एक काळपट एचेव्हेरिया म्हणजे ब्लॅक प्रिन्स, घोस्ट प्लांट, जेली बीनचा सेडम, झेब्रा हॉवर्थिया, गॅस्टेरिया, गोलम जेड, मूनस्टोन, पांडा प्लांट आणि एक एओनियम. यातली नावं मी नंतर शोधून काढली आहेत, कारण त्यांनी लावलेल्या चिठ्ठ्यांपैकी चारच बरोबर होत्या. घोस्ट प्लांटवर "रेअर पॅराग्वे रोज" लिहिलं होतं. रेअर कसलं, उकिरड्यावर टाकलं तरी वाढेल असं झाड आहे ते! पण गंमत म्हणजे पॅराग्वेचा घोटाळा फक्त या दुकानदाराचा नाही, त्याचं शास्त्रीय नावच ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वायेन्स आहे आणि झाड मूळचं मेक्सिकोचं. शास्त्रज्ञांनीच घोळ घातलाय म्हटल्यावर कालिम्पाँगच्या पोऱ्याला काय बोलणार. तो चिठ्ठीचा मार्क मी दिला परत.

खोक्याच्या तळाला गळलेली पानं होती. मोजली, २३. घोस्टची ११, जेली बीनची ७, पर्लची ३, मूनस्टोनची २. मी लगेच तक्रार केली, तर उत्तर आलं, मॅम अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा, कट न करता. आता नळाला पाणी आलेलं, दारात कुरियरवाला, आणि मी एका हाताने व्हिडिओ काढत खोकं फोडू का? व्हिडिओ नाही तर रिप्लेसमेंट नाही, विषय संपला. मी चिडून ती पानं कचऱ्यात टाकणार होते, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं टाकतेस कशाला, पानफुटीसारखं असेल ते, ठेव की मातीवर."

आणि हा अख्ख्या ७२९ रुपयांतला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला होता, तो सुद्धा फुकट.

पानफुटी तुम्ही लहानपणी केलीच असेल. वहीत पान ठेवायचं आणि चार दिवसांनी उघडून बघायचं, कडेच्या खाचांमधून बारीक बारीक पिल्लं. सासूबाई रत्नागिरीकडच्या, त्यांच्या परसात कुंपणालाच होती म्हणे. पण पानफुटीत आणि या एचेव्हेरिया-घोस्टमध्ये एक मोठा फरक आहे आणि तो मला कोणीच सांगितला नाही, पानं फुकट घालवून कळला. पानफुटीला पिल्लं येतात ती पानाच्या कडेला, खाचेत, त्यामुळे पान अर्धं फाटलं तरी चालतं. इथे पिल्लू येतं ते फक्त पान जिथे खोडाला चिकटलेलं असतं त्या टोकाला. ते टोक अख्खं पाहिजे. कात्रीने कापलंत, किंवा घाईत खेचलंत आणि देठाकडचं मांस खोडालाच राहिलं, तर ते पान महिनाभर हिरवंगार पडून राहील, कदाचित मुळं पण फुटतील, पण झाड काही येणार नाही. म्हणून पान बोटात धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवायचं, टक् करून सुटतं. आवाज येतो खरंच. प्रवासात आपोआप गळलेली पानं त्या दृष्टीने सोन्यासारखी, कारण ती नैसर्गिकपणे सुटलेली असतात.

आता पानं कशी लावली ते. दिवाळीच्या सोनपापडीचा प्लास्टिक ट्रे होता, त्याला सुई तापवून भोकं पाडली. पानं आधी तीन दिवस पेपरवर तशीच सावलीत, काही करायचं नाही, पाणी नाही की माती नाही, तुटलेलं टोक सुकून त्यावर पापुद्रा धरला पाहिजे. नाहीतर ओल्या जखमेतून बुरशी शिरते. मग ट्रेमध्ये माती पसरून पानं नुसती वर आडवी ठेवायची, खोचायची नाहीत. हे कितीही सांगितलं तरी घरात येणारा प्रत्येक माणूस येता जाता पान मातीत खोचून जातो, "पडलं होतं बघ, नीट लावलं." अहो काका, ते पडलेलंच पाहिजे होतं.

साधारण अठराव्या दिवशी पहिलं मूळ दिसलं, गुलाबी, केसासारखं, हवेत लोंबणारं. मग त्याच्या शेजारी मोहरीएवढा हिरवा ठिपका आणि मग महिन्याभरात त्या ठिपक्याची अगदी पूर्ण गुलाबासारखी चकती, डाळीएवढी. मी ऑफिसला जायच्या आधी रोज टॉर्च लावून बघायचे. मुळं दिसल्यावर दोन-तीन दिवसाआड स्प्रेने माती जराशी ओली, एवढंच. मोठ्या झाडाला चालतो तसा कडक उपास या बाळांना चालत नाही, धाग्यासारखी मुळं असतात, एका दुपारच्या उन्हात वाळून जातात. आईचं पान हळूहळू सुरकुतून कागद होतं, ते आपण काढायचं नाही, ओढायचं तर अजिबात नाही, सगळा रस पिल्लाला देऊन ते आपलं आपणच सुटतं.

२३ मधली ४ पहिल्याच आठवड्यात सडली, त्यात मूनस्टोनची दोन्ही होती कारण ती खोक्यात चेपलेली आली होती. ३ पानांना नुसती मुळं आली, पिल्लं नाहीत, एक तर सहा महिने तसंच जगलं, बिनडोक. उरलेल्या १६ ना पिल्लं आली. सोळा! कंपनीने माझा रिप्लेसमेंट नाकारला आणि मला सोळा झाडं मिळाली.

आता मोठ्या झाडांची कहाणी, जी इतकी गोड नाही.

बॉक्सबरोबर एक केअर कार्ड येतं, चकचकीत कागद, वर हसणारं कॅक्टस. मी मनापासून सांगते, ते कार्ड आधी फाडा. त्यावर लिहिलंय, आठवड्यातून एकदा दोन चमचे पाणी. चमचे! औषध आहे का? दोन चमच्यांनी वरची अर्धा इंच माती ओली होते, खालची मुळं कोरडीच, म्हणजे वरून बुरशी आणि खालून तहान, दोन्हीकडून नुकसान. पाणी घालायचं तर भोकातून खाली वाहेपर्यंत घालायचं आणि मग माती तळापर्यंत वाळेस्तोवर कुंडीकडे ढुंकून बघायचं नाही. फेब्रुवारी ते मे मध्ये माझ्याकडे ते आठ-दहा दिवसांनी येतं. आणि जून ते सप्टेंबर? अख्ख्या पावसाळ्यात मी तीन वेळा पाणी घातलंय मोठ्या झाडांना, आणि आता वाटतं त्यातलं एकदा जास्तच होतं. आठवड्याचा हिशोब लावायचाच नाही, पान बघायचं. तहानलेलं पान जुन्या द्राक्षासारखं मऊ पडतं, सुरकुततं, ते पाणी घातलं की दोन दिवसात टणक. आणि पाणी जास्त झालेलं पान भिजवलेल्या साबुदाण्यासारखं पिवळट पारदर्शक होतं आणि हात लावला की गळतं. पहिलं दिसलं तर पाणी, दुसरं दिसलं तर झाड कुंडीतून बाहेर, त्याच दिवशी, रविवारची वाट बघायची नाही.

कार्डावर अजून एक रत्न आहे, "रात्री ऑक्सिजन देणारं झाड, बेडरूममध्ये ठेवा." यात पाव टक्का खरं आहे म्हणून राग येतो. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात, पाणी उडून जाऊ नये म्हणून, आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आंबटसर आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात वापरतात. ऑक्सिजन तयार होतो तो दिवसाच, उजेडातच. यातला आंबटपणा टिपला तो आपल्या पानफुटीत, आणि तो सुद्धा भारतात राहून, बेंजामिन हाइने नावाच्या वनस्पती अभ्यासकाने, १८१५ साली छापून आलंय ते, की या झाडाचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं आणि दुपारपर्यंत आंबटपणा जातो. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, त्यात काय, आम्हाला माहीतच होतं. (तुम्ही चावून बघू नका हं, त्या पानात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांना विषबाधा होते त्याने.) तर मुद्दा, अंगठ्याएवढं झाड तुमच्या बेडरूमच्या हवेचं काहीही करणार नाही, उलट बेडरूममधल्या अंधारात ते काकडीसारखं लांब होईल.

झालंच ते माझ्याकडे, पण ते नंतर, पावसाळ्यात. आधी उन्हाचं ऐका. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या उन्हाने दोन दिवसात ब्लॅक प्रिन्सची पानं भाजली, तपकिरी चट्टे पडले. उन्हाची सवय हळूहळू लावायची असते, रोज तासभर वाढवत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग मी घाबरून सगळी स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत आणली, तिथे मे पर्यंत बरी होती. एओनियम मात्र मे मध्येच गेलं. ते मूळचं कॅनरी बेटांकडचं, थंडीत वाढणारं आणि उन्हाळ्यात झोपणारं, त्याला आपला मे महिना म्हणजे काय असतो याची कल्पनाच नसणार बिचाऱ्याला. हे झाड मुंबई-ठाणे पत्त्यावर विकणं म्हणजे फसवणूकच आहे असं माझं स्पष्ट मत. आणि त्याचं पान लावून झाड येत पण नाही, फांदीच लावावी लागते, म्हणजे मागे काही उरलं पण नाही.

मग आला पाऊस. पुण्यात पाऊस पडतो, आमच्याकडे तो मुक्काम करतो. भिंतीला हात लावला तरी ओला होतो, कपडे चार दिवस वाळत नाहीत, मीठ पाझरतं, तिथे मेक्सिकोचं झाड काय करणार. त्यात त्यांनी बरोबर दिलेलं "स्पेशल सक्युलंट पॉटिंग मिक्स". ते हातात घेतलं तर ऐंशी टक्के कोकोपीट. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नुसता स्पंज, पाणी धरून ठेवण्यासाठीच असतं ते. मूनस्टोन ८ जुलैला गेलं, पांडा त्याच आठवड्यात (त्याच्या लव असलेल्या पानांवर दमट हवा बसूनच राहते), ब्लॅक प्रिन्स ऑगस्टमध्ये. मी सकाळी उठून खिडकी बघायला घाबरायचे. नवरा म्हणायचा, आज कोण?

पर्लला वाचवलं ते कसं ते सांगते कारण हे तुम्हाला उपयोगी पडेल. खालची दोन पानं साबुदाणा झाली, खोड बघितलं तर मातीपाशी काळं. झाड उपटलं, नवीन ब्लेड स्पिरिटने पुसलं आणि खोड खालून चकत्या चकत्या करत कापत गेले, गवार निवडतो तसं. आत काळी किंवा तपकिरी वर्तुळं दिसतायत तोवर कापायचं, पूर्ण पांढरट-हिरवं दिसलं की थांबायचं. माझ्याकडे शेवटी फक्त अर्धा इंच खोड आणि वरचं पानांचं फूल उरलं. ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर ठेवलं, गुलदस्त्यासारखं, पंख्याखाली. पाणी नाही, माती नाही. आठवड्यात जखम सुकली, तिसऱ्या आठवड्यात हवेतच मुळं काढली तिने! मग मातीत. आज ती आमच्या हॉलची शान आहे आणि तिची तीन पानं जी मी पहिल्यांदा लावली होती त्यातली दोन तिच्या शेजारी. पानांवरची पांढरी पावडर पुसू नका फक्त, पाहुणे हमखास बोट फिरवतात, तो मेणाचा थर असतो, उन्हापासून आणि पाण्यापासून राखणारा, पुसला की त्या पानावर परत येत नाही. माझ्या पर्लवर भाच्याच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे.

ऑगस्टमध्ये मी सगळ्या कुंड्या बदलल्या. कोकोपीट फेकलं. सोसायटीचं रिपेअरचं काम चालू होतं, खाली विटांचा ढीग, मी वॉचमनला सांगून पिशवीभर तुकडे आणले, खलबत्त्यात फोडले (जुन्या, वापरात नसलेल्या, सासूबाई वाचत असतील तर), आणि रव्याच्या चाळणीने चाळले. बारीक पूड टाकून द्यायची, ज्वारीपासून शेंगदाण्याएवढे तुकडे ठेवायचे, धुऊन घ्यायचे. तीन भाग हे तुकडे, एक भाग परलाइट (पांढरे, हलके खडे असतात ते), एक भाग गांडूळखत आणि लाल माती मिळून. पाणी घातलं की दोन सेकंदात खाली. परलाइट ऑनलाइन किंवा नर्सरीत मिळतं, महाग वाटलं तर सगळंच विटांचं करा, चालतं. आणि कुंड्या म्हणून चहावाल्याकडचे मातीचे कुल्हड, नवऱ्याने ड्रिलने खाली भोक पाडून दिलं, दहातले तीन फुटले. माती असल्याने कडेने पण पाणी उडतं, चिनी मातीच्या त्या गोंडस कपांसारखं नाही, ज्यांना भोकच नसतं. ते कप सक्युलंटसाठी नसून त्याच्या फोटोसाठी असतात.

उजेडाचं म्हणाल तर पावसाळ्यात नुसती खिडकी पुरत नाही. घोस्ट इतकं लांब झालं की वीतभर खोड आणि टोकाला चार पानं, आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांसारखं. मी आधी तो झाडांसाठीचा जांभळा दिवा, ग्रो लाइट, मागवला, ४०० रुपये. पहिल्याच रात्री शेजारच्या काकूंनी विचारलं, काय गं, हळद आहे का कोणाची, डीजे लाइट लावलाय तो. मग तो काढून साधी पांढरी २० वॅटची एलईडी ट्यूब लावली फडताळाखाली, झाडांपासून वीतभर वर, दिवसाचे बारा तास, आणि एक छोटा टेबल फॅन. मला विचाराल तर पावसाळ्यात खतापेक्षा आणि औषधापेक्षा हा फॅन महत्त्वाचा. फॅन लावल्यापासून एकही झाड सडलं नाही.

त्या लांब झालेल्या घोस्टचं मुंडकं सप्टेंबरमध्ये उडवलं, वरचा भाग सुकवून लावला तो लागला, आणि खाली राहिलेल्या बोडक्या खोडाला चार पिल्लं आली. म्हणजे एकाचे पाच. झेब्रा आणि गॅस्टेरियाचं मात्र पानाच्या नादी लागू नका, वेळ खाऊ काम आहे, त्यांना बुडाशी आपोआप पिल्लं येतात, ती जराशी मोठी झाली की मुळासकट वेगळी करायची. ही दोन झाडं दक्षिण आफ्रिकेची, झुडपांच्या सावलीत वाढणारी, त्यामुळे फ्लॅटच्या खिडकीत मजेत असतात. डोंबिवलीकरांनी, कल्याण-ठाणेकरांनी, मुंबईकरांनी डोळे मिटून हीच घ्यावीत. दिसायला जरा कोरफडीची चुलत बहीण वाटते, इन्स्टावर लाइक कमी मिळतात, पण जगतात.

एक तक्रार राहिली. झेब्राच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी होतं, मला वाटलं पॅकिंगचा कापूस. तीन आठवड्यांनी तो कापूस चालायला लागला. पिठ्या ढेकूण, झाडाचा रस पिणारी कीड! इअरबड सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपला, दर पाच दिवसांनी, महिनाभर. नवीन झाड आलं की पंधरा-वीस दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि मुळांवर पण बघा. हे दुकानाने सांगायला हवं होतं, आणि खरं म्हणजे पाठवायलाच नको होतं.

आता कोणी म्हणेल ऑनलाइन कशाला, स्टेशनबाहेर मिळतात की. घेऊन बघितलं आहे मी. एका ठिकाणी १२० ला एक, वर रंगीत खडे गोंदाने चिकटवलेले, घरी आणून खडे उपटले तर खाली ओल्या कोकोपीटची गोळी आणि मुळं अर्धी काळी. दुसरीकडे कॅक्टसवर सुंदर पिवळं फूल, ते कधी कोमेजेचना, नंतर बघितलं तर वाळलेलं कागदी फूल गरम गोंदाने डकवलेलं. आणि ते लाल-पिवळे चेंडूवाले मून कॅक्टस, ते वरचं लाल झाड स्वतः अन्न बनवूच शकत नाही, हरितद्रव्यच नाही, खालच्या हिरव्या कॅक्टसवर कलम करून जगवलेलं असतं, काही वर्षांत जोडी तुटते. त्या मानाने ऑनलाइनवाल्याने निदान खरी झाडं पाठवली, निरोगी मुळांची पाठवली.

हिशोब सांगते. दहा मोठ्यांपैकी आज साडेपाच जिवंत. झेब्रा, गॅस्टेरिया, गोलम जेड, घोस्ट, बिनबुडाची पर्ल, आणि जेली बीनची अर्धी कुंडी. पुण्याच्या बहिणीकडे दहातली आठ, गच्चीवर पत्र्याखाली. वर म्हणते, "ताई, मी तर काहीच करत नाही." काहीच न करता येणं हेच पुण्याचं सुख आहे बाई. आणि पानांपासून आलेल्या सोळापैकी पावसाळ्यानंतर नऊ राहिली, ती आज चांगली दोन-दोन इंचांची आहेत.

यावर आमच्याकडे वाद झाला. माझं म्हणणं, खोक्यातल्या झाडांपेक्षा ही घरात जन्मलेली नऊ जास्त चिवट आहेत, डोंबिवलीचीच आहेत ती. नवरा म्हणाला, अगं पानापासून आलेलं म्हणजे क्लोन, तंतोतंत तेच झाड, डोंबिवलीचं कसलं. शास्त्राने त्याचंच बरोबर आहे, मान्य. पण त्या पिल्लांनी पॉलिहाऊस बघितलंच नाही, पहिलं मूळ काढलं तेच या दमट हवेत आणि विटांच्या चुऱ्यात, आणि त्यांची सगळी पानं इथल्या उजेडात बनलेली. शिवाय सात गेली तेव्हा जी नाजूक होती ती आधीच गेली. या वर्षी पाऊस सुरू झाला की कळेल कोण बरोबर, दोघांनी शंभर-शंभर रुपये लावलेत.

परत मागवेन का? हो, पण फेब्रुवारीत नाही, दसऱ्यानंतर मागवेन, म्हणजे पुढचा पावसाळा यायच्या आत झाडाला सात-आठ महिने मिळतील रुळायला. पान लावायला पण तोच हंगाम, दसऱ्यापासून होळीपर्यंत. कॉम्बो नाही, निवडून, झेब्राच्या जातीची दोन आणि एक घोस्टसारखं काहीतरी भरपूर पानं गाळणारं. आणि व्हिडिओ काढीन, नवऱ्याला मोबाइल धरून उभं करून.

तर तीन स्टार. पॅकिंगला आणि झाडांच्या तब्येतीला ते तीन, मिक्सला, कार्डला आणि ढेकणांना शून्य. हा रिव्ह्यू त्यांना व्हॉट्सॲपवर पण पाठवला, कारण त्यांचा मेसेज अजून तिथे पडून होता, मॅम ५ स्टार दिया तो नेक्स्ट ऑर्डर पे १० परसेंट ऑफ. दोन मिनिटांत उत्तर आलं, मॅम वो कूपन पिछले साल मार्च में एक्सपायर हो गया.